पार्टेक म्हणजे काय

४ फेब्रुवारी

धाकटे,

वर आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. उगाच कशाला? तुलाही ते खोटंच वाटलं असतं.

आईचं तुला मामाने कळवलंच आहे. मीच त्याला म्हटलं होतं की तू फोन कर, मला दवाखान्यातून सवड नाही. धोका टळलाय, धावत यायची गरज नाही, हेही मीच सांगायला लावलं. आता ती घरी आहे. उजवा हात आणि उजवा पाय हलत नाहीत. ओठ एका बाजूला किंचित उतरलेत. आपण बोललेलं तिला बरंचसं कळतं, पण तिला बोलता येत नाही. पूर्वी ती चारचौघांत मला पुढे करून म्हणायची ना, 'ही माझा उजवा हात'? आता अक्षरशः तेच झालंय. बटणं लावते मी, चमचा धरते मी.

तिचा फोन लागत नाही अशी तक्रार तू मामाकडे केलीस म्हणे. बंद आहे तो. चार्जिंगला लावायचा राहून जातो. आणि ज्या माणसाला बोलता येत नाही त्याने फोन घेऊन करायचं काय?

आता तू म्हणशील, ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली. फोनवर तू मध्ये बोलतेस. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं. शिवाय काम आहे म्हणून लिहितेय, लाडात येऊन नाही.

काम असं की आईला एक शब्द येतो. एकच. पाणी हवं असलं तर खुणा करते, नको असलं तर मान फिरवते. पण तोंडातून शब्द येतो तो हा एकच, आणि तो इंग्रजी आहे. पार्टेक. मधला 'र' ती गिळते, पण अर्धी जीभ हलत नसताना तेवढं चालायचंच. शेवटचा 'क' मात्र स्वच्छ, वर्गात फळ्यावर खडू आपटावा तसा. दिवसातून कितीतरी वेळा म्हणते. मी काय उत्तर देणार? नुसती 'हो हो' म्हणते. मग चिडते माझ्यावर, डोळे वटारते, आणि पुन्हा तेच.

इंग्रजी आहे हे मला कसं कळलं, असं विचारू नकोस. इंग्रजी शिकवण्यात जिचा जन्म गेला तिच्या तोंडून दुसरं काय येणार? मराठीत तरी असा शब्द माझ्या ऐकण्यात नाही. आणि तुमचा तो खेळ मला माहीत आहे. रोज संध्याकाळी ती खिडकीपाशी फोन घेऊन बसायची. आज तू शब्द द्यायचा आणि तिने त्याचं माहेर शोधायचं, उद्या तिने द्यायचा आणि तू शोधायचं. हसणं काय, 'वा, वा' काय! मी पलीकडच्या खोलीत पडदे शिवत असायचे. मशीन थांबवून ऐकत नव्हते मी. पण धागा तुटला की मशीन थांबतं आणि मग ऐकू येतंच. माझे धागे बरेच तुटतात.

तर सांग, पार्टेक म्हणजे काय? शब्दकोशाच्या कचेरीत बसतेस, तुला काही अवघड नाही. आई काय मागतेय ते मला कळलं की मी ते तिला देईन आणि विषय संपेल. एवढं लिही, जास्त नको.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

एक ओळ मागितली होती, तू पानंच्या पानं पाठवलीस. पहिल्या पानावर शाई पसरलीय. रडलीस वाटतं. 'तिला आमचा शब्द आठवतोय, ताई, सगळं गेलं पण आमचा शब्द राहिला,' असं लिहिलंयस. वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे तुला सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुला आश्चर्य वाटणार नाही.

अर्थ कळला. भाग घेणं, वाटा घेणं. खाण्यापिण्याबद्दल बोललं तर चार जणांत बसून त्यातलं आपणही घेणं. हे सगळं मी पुन्हा वाचलं, कारण त्यावरून तिला जेवण हवंय की काय अशी शंका आली. सूप आणलं, दूध आणलं, मऊ केलेला पाव आणला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी नापास झालेली पोरगी.

उगमाचं वाचायला मजा आली, खोटं कशाला बोलू? तू लिहितेस की 'भाग' आणि 'घेणं' हे दोन इंग्रजी शब्द जोडून तो झाला, पण सरळ नाही झाला. आधी क्रियापद नव्हतंच. आधी होता माणूस: पार्ट-टेकर, वाटा घेणारा. लॅटिनमध्ये अशा माणसाला एक शब्द होता, त्यावर बेतून इंग्रजांनी आपला शिवला. मग बोलता बोलता मधले दोन 'ट' एकमेकांत मिसळले आणि पार्टेकर राहिला. आणि खूप नंतर, शे-दीडशे वर्षांनी, लोकांनी त्याचं शेपूट कापलं तेव्हा कुठे क्रियापद निघालं. 'वाटेकरी आधी आला, वाटा घेणं मागून आलं,' हे वाक्य तू ठळक लिहिलंयस. आईला फार आवडायचं म्हणे ते. तू शाळेत असताना तिने तुला हे पहिल्यांदा सांगितलं आणि त्या दिवशी तू ठरवलंस की मोठेपणी हेच करायचं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. आता कळलं. म्हणजे तुमच्या इंग्रजीत कामाला हात न लावताही माणूस आधी वाटेकरी होऊन बसतो. बरंय की! तुला तो शब्द का आवडला ते लक्षात आलं.

मराठीचंही थोडं ऐक, मी काही अगदीच ढ नाही. आपल्याकडे 'भाग घेणं' आहे तसं 'भाग पडणं' पण आहे. बाबा गेले तेव्हा तू शाळेतल्या नाटकात भाग घेतलास आणि मला शाळा सोडणं भाग पडलं. तू परीक्षेत, सभेत, परदेशातल्या कसल्याशा परिषदेत भाग घेतलास. माझ्यावर भागच पडत गेले. आणि 'भागणं' म्हणजे दमणंसुद्धा. दमले-भागले म्हणतात ना, त्यातलं. घे, लिही तुझ्या कोशात. माझं नाव घालू नकोस.

आई ठीक आहे. डावा हात चांगला जोर धरतोय. आणि शब्द चालूच आहे.

ताई

३ मार्च

धाकटे,

तुझे प्रश्न वाचले. 'ती तो शब्द कधी म्हणते? त्या वेळी खोलीत काय चाललेलं असतं? कुणाकडे बघून म्हणते?' कचेरीत बसून विचारायला सोपं आहे. तरी सांगते, नाही तर म्हणशील ताई लपवते.

सकाळी तिला उठवून खुर्चीत बसवते तेव्हा म्हणते. चादर बदलताना म्हणते. माझं मशीन मी आता तिच्याच खोलीत आणलंय, खिडकीच्या खाली, म्हणजे डोळा ठेवता येतो. तर मी त्या स्टुलावर शिवत बसले की हमखास म्हणते. संध्याकाळी जास्त. तेव्हा मला वाटतं, तुमच्या फोनची वेळ झाली म्हणून. कुणाकडे बघून म्हणते? खोलीत मीच असते, माझ्याकडेच बघणार. डाव्या हाताने गादीवर थापट्या मारते, लहान मूल हट्टाला पेटल्यासारखी. तुला बोलाव, इथे बसव, असंच ते दिसतंय. आणखी काय असणार?

आठवड्यातून दोनदा तिला बोलण्याचे व्यायाम करवायला एक बाई येते. मी तिला वाचाबाई म्हणते, तोंडावर नाही. तरतरीत आहे. ती म्हणाली, "असा झटका आला की कधी कधी एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो. पण हा इंग्रजी आहे असं तुम्हाला का वाटतं? घरात काय बोलता तुम्ही?"

मी म्हटलं, "घरात आम्ही आमचं साधं बोलतो. पण आई इंग्रजीची बाई होती आणि धाकटीशी तिचं सगळं इंग्रजी शब्दांवरून चालायचं."

"मला ते पाटेक असं काहीतरी ऐकू येतं."

"'र' राहतो तिचा," मी म्हटलं. मग तुझं पत्रच काढून दाखवलं. तुझं अक्षर, तुझ्या कचेरीचा कागद. तिने एका मोठ्या पुठ्ठ्यावर तो शब्द इंग्रजीत ठळक लिहिला आणि आईसमोर धरला.

आईने तो पाहिला. वाचला, मला खात्री आहे, तिचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले. मग माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने पुठ्ठा असा उडवला की तो थेट माझ्या मशीनखाली जाऊन पडला. आणि भिंतीकडे तोंड केलं.

वाचाबाई म्हणाली, "राग आला त्यांना." मी म्हटलं, "राग नाही, आठवण आलीय. जिची आठवण येते ती समोर नाही आणि जी समोर आहे तिला काही कळत नाही." हे म्हणताना माझा आवाज कसा झाला असेल ते तू ओळख. बाईने पर्समधून रुमाल काढून दिला. मी घेतला नाही, माझ्याकडे कापडाला तोटा नाही.

झालं समाधान? तुझीच आहे ती. बोलता येत होतं तेव्हाही तुझी आणि आता तुकड्यातुकड्याने बोलते तेव्हाही तुझी.

ताई

११ मार्च

धाकटे,

तू येतेस ते कळलं. महिनाअखेरीला. ते एक वेळ ठीक. पण पुढे लिहिलंयस ते मी उभ्याने वाचलं आणि पुन्हा बसून वाचलं, तरी तेच होतं. 'आई तिचा भाग मला देऊ पाहतेय, ताई. तिचं एवढं एकच म्हणणं उरलंय, ते तरी आपण ऐकू या. मी तिला माझ्याकडे घेऊन जाते. इथे खाली सपाट खोली आहे, दवाखाना जवळ आहे, आणि मला तिच्याशी बोलता येतं.'

तुला तिच्याशी बोलता येतं! आणि मी काय करते, शिट्या वाजवते?

ऐक. तिला खुर्चीतून पलंगावर घ्यायचं असेल तर आधी आपला गुडघा तिच्या गुडघ्याला लावायचा, मग तिचा उजवा खांदा आपल्या छातीशी धरायचा, ओढायचं नाही, वळायचं. तुला येतं? तिला गिळताना हनुवटी खाली हवी, वर केली तर ठसका लागतो. येतं तुला? डाव्या कुशीवर झोपवलं तर उजव्या हाताखाली उशी द्यायची, नाही तर खांदा उतरतो. हे कुठल्या शब्दकोशात आहे ते सांग, मीही विकत घेते.

मागच्या वेळी दारात बॅग घेऊन उभी होतीस तेव्हा म्हणालीस, "ताई, तुला आई वाटून घ्यायचीच नाहीये." मी म्हटलं होतं, "आई म्हणजे काय पडद्याचं कापड आहे, मधोमध कापून दोन खिडक्यांना लावायला?" त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मी तुझ्याशी. आज तू कात्री घेऊनच निघालीस. आणि निघालीस कशाच्या जोरावर, तर मीच तुला लिहून कळवलेल्या एका शब्दाच्या! मी गप्प बसले असते तर तुला काय कळणार होतं? माझाच हात, माझाच डोळा.

हो, जळते मी. लिहूनच टाकते, तू मामाला विचारत बसू नकोस. लहानपणापासून जळते. तू आणि ती एका दिव्याखाली डोकी जोडून बसायचात आणि मी पाठमोरी शिवत असायचे. आईने तुला हजारो शब्द दिले असतील. मला एकही शब्द दिल्याचं आठवत नाही. मला दिली ती कामं. ती मी मनापासून केली, कारण ती तरी माझी होती. आता तीसुद्धा नेतेस.

नेऊ नकोस. विनवणी करतेय. यापुढे करणार नाही.

ताई

१७ मार्च

धाकटे,

घाईत लिहितेय. आई आता तो शब्द फारसा म्हणत नाही. तेव्हा तू यायचं कारण उरलं नाही. तिकीट रद्द होत असेल तर कर.

ताई

१८ मार्च

धाकटे,

कालचं पत्र पेटीत पडलं आणि मी हात आत घालून पाहिला, पण पोचला नाही. पत्रात लिहिलंय ते खोटं नाही. अर्धं आहे. उरलेलं आज लिहिते.

परवा दुपारची गोष्ट. एका सभागृहाचे मोठे पडदे शिवायला आलेत, जाड कापड, मशीनखालून सरकवतानाच दम निघतो. ते अर्धं टाकून मी आईला खुर्चीतून पलंगावर घ्यायला गेले. गुडघा लावला, खांदा धरला, वळले, तिला पलंगाच्या कडेला बसवलं आणि माझ्या पाठीत अशी उसण भरली की डोळ्यांपुढे अंधारी आली. ना सरळ होता येईना, ना वाकता. मी तशीच पलंगाची कड धरून अर्धवट उभी.

आईने डाव्या हाताने माझी बाही पकडली. "पाऽऽटेक," म्हणाली. "पाऽऽटेक."

मी ओरडले. आजारी माणसावर ओरडले. "हो गं हो! येतेय तुझी लाडकी! तुला न्यायलाच येतेय, झालं समाधान?"

तिने बाही सोडली आणि गादीवर जोरात थापटी मारली. पुन्हा मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, रागाने. मला दुसरा काही इलाजच नव्हता. मी तिच्या शेजारी पलंगावर आडवी झाले. आधी कुशीवर, मग हळूहळू उताणी. पाठ गादीला लागली.

आणि आई गप्प झाली.

नुसती गप्प नाही. खांदे खाली आले तिचे. एक लांब 'हं' म्हणाली, आपण कुणाला किती वेळ समजावत असावं आणि शेवटी त्याच्या डोक्यात शिरावं तेव्हा म्हणतो तसं. डावा हात माझ्या कपाळावर ठेवला, पिना लावताना मी कापडावर ठेवते तसा, हलू नये म्हणून.

मला अजूनही कळलं नव्हतं, एवढी मी मठ्ठ. वाटलं, दमली बिचारी. जरा वेळाने कळ कमी झाली तशी मी कमरेवर हात ठेवून उठायला गेले. लगेच, "पाऽऽटेक!" मी पडले. ती गप्प. मी पुन्हा उठले, या वेळी मुद्दाम, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंड वाकडं झालं, जीभ दातांमागे गेली, तिथे एकदा अडखळली आणि मग पुढे सरकली. तेव्हा ऐकू आलं. तिथे 'र' नव्हताच, धाकटे. कधीच नव्हता. तिथे 'ठ' होता.

पाठ टेक.

तुझ्याच पत्रात आहे बघ, दोन 'ट' जवळ आले की एकमेकांत मिसळतात. तिकडे ते पिढ्यान्‌पिढ्या बोलता बोलता झालं. इथे आईच्या अर्ध्या जिभेवर एका झटक्यात झालं.

आता अर्थ आणि उगम मी लिहिते, तू नीट वाच, यातली जाणकार मी आहे. अर्थ: जरा आडवी हो, पाठीला विसावा दे. उगम: बाबा गेल्यानंतरचं ते आपलं आधीचं खोलीवजा घर. आई शाळेतून यायची, चपला काढायची, तुला 'आजचा शब्द काय?' म्हणून विचारायची आणि आत पाणी प्यायला जाताना माझ्या स्टुलाजवळून जायची. जाताना न थांबता माझ्या पाठीवर हात टेकवून म्हणायची, "पाठ टेक जरा." रोज म्हणायची. मी 'एवढं संपवते' म्हणायचे आणि टेकायचे नाही. 'दार लाव', 'दिवा लाव' यासारखं ते एक वाटायचं मला. तो शब्द आहे असं कधी वाटलंच नाही. मी ज्याची वाट बघत होते ते इंग्रजीत येईल असं मला का वाटत होतं कोण जाणे.

आता मागचं सगळं वाच. खुर्चीतून उचलते तेव्हा म्हणते. चादर बदलताना म्हणते. स्टुलावर शिवत बसले की हमखास, संध्याकाळी जास्त. तू प्रश्न अगदी बरोबर विचारले होतेस. उत्तरंही मी बरोबर लिहिली होती. फक्त तुझ्याकडे बघत लिहिली होती. आणि तो पुठ्ठा तिने का उडवला असेल! आयुष्यभर पोरांच्या चुका दुरुस्त केल्या, आणि शेवटी घरच्याच पोरीने तिच्या तोंडात चुकीचा शब्द कोंबून वर तो मोठ्या अक्षरांत लिहवून दाखवला.

हे कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगू? जिंकले. हेच आलं. तुझी शाई पसरलेली पानं आठवली आणि बरं वाटलं. तिने सगळे शब्द गमावले, तुमचे ते लॅटिनचे आणि फ्रेंचचे, माहेरवाले सगळे, आणि राखला तो माझा. म्हणून काल ते चार ओळींचं पत्र लिहिलं. तुला खरं सांगावं तर तू रडशील, आणि तुला न सांगता तिकीट रद्द करायला लावावं तर आई माझ्याजवळ राहील, असा हिशेब होता. दोन्हीकडून माझंच.

तुला वाटेल, ताईला आता पश्चात्ताप झाला. फारसा नाही. तो शब्द मी तुला देणार नाही. तुझ्यासाठी होता असं मोठ्या मनाने म्हणणारी बहीण तुला हवी असेल तर दुसरीकडे बघ. माझा आहे. तुझ्याकडे बाकीचा सगळा कोश आहे.

पण काल संध्याकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. महिनाभराहून जास्त ती मला एकच सांगतेय, आणि आता ते मला कळतंय, आणि तरीही मला ते करता येत नाही. आज सकाळी तिने म्हटलं, मी टेकले. तेवढ्यात दूध उतू गेलं. पुन्हा टेकले तर तिला कूस बदलायची होती. दुपारी पडदेवाल्यांचा माणूस दारात. मी पडते, उठते, ती पुन्हा म्हणते. आता ती चिडत नाही. नुसती बघत राहते, आणि ते मला सोसत नाही.

मला पाठ टेकायची असेल तर तिच्या उशाशी दुसरं कुणीतरी लागेल. वाचाबाई नाही, मामा नाही. तिचा खांदा कसा धरायचा ते शिकायची जिला लाज वाटणार नाही असं कुणीतरी. तुझ्या पार्टेकचा अर्थ मी परत काढून वाचला, भाग घेणं. चुकीच्या दाराने आला, पण आला तो शब्द या घरात. आता त्याला परत कशाला पाठवायचं?

तेव्हा तिकीट रद्द करू नकोस. केलं असशील तर पुन्हा काढ. न्यायला येऊ नकोस, राहायला ये. माझी खोली तुला देते, मी आईच्या खोलीत झोपते. नाही, थांब. तू आईच्या खोलीत झोप. हे लिहायला मला किती जड गेलं ते खोडाखोडीवरून दिसेलच. गुडघा कसा लावायचा ते पहिल्याच दिवशी दाखवीन. चुकलीस तर ओरडीन. वाटेकरी तू जन्मापासूनच आहेस, ते क्रियापद तेवढं आता येऊन कर.

आणि आईचा फोन चार्जिंगला लावलाय. संध्याकाळी कर. मी तिच्या कानाशी धरते. तू एक शब्द सांग, त्याचं माहेर, सासर, काय असेल ते सगळं सांग. तिला उत्तर देता येणार नाही, पण ऐकताना तिचे डोळे कसे होतात ते मी तुला पत्राने कळवीन. मी मशीन थांबवून ऐकणार आहे. धागा तुटो न तुटो.

हे पत्र मी खिडकीशी उभी राहून लिहितेय, स्टुलावर पडद्यांचा ढीग आहे. आई जागी झाली. माझ्या पाठीकडे बघतेय.

म्हणाली बघ. मला म्हणाली, धाकटे. मला.

ताई